कार्लोवी वारीत ऑक्टोबर: दोघांनी मिळून पहिल्यांदा जायचं तर

प्रागहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी कार्लोवी वारी या गरम खनिज झऱ्यांच्या गावाची सहल बहुतेक टूरवाले विकतात. ती घेऊ नका. बस अकराच्या सुमाराला पोहोचते. तोवर गावाची सकाळ संपलेली असते, झऱ्यांवर बांधलेल्या खांबांच्या लांब ओवऱ्यांमध्ये गटागटाने फोटो चाललेले असतात आणि परतीच्या वेळेकडे डोळा ठेवून घाईघाईत दोन घोट पाणी प्यायलं जातं. या गावात बघण्यासारखं भरपूर आहे, पण ते बघत सुटायचं गाव नाही. इथला दिवस पाण्याभोवती बांधलेला असतो: सकाळी पाणी, मग चालणं, दुपारी स्नान, पुन्हा पाणी, रात्री लवकर झोप. त्या चक्रात निदान दोन रात्री राहिलात तरच गाव कळतं. तीन राहिलात तर उत्तम.

गाव चेकियाच्या पश्चिमेला, तेप्ला नावाच्या छोट्या नदीच्या अरुंद दरीत आहे. जर्मन नाव कार्ल्सबाड, जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. शिकारीला निघालेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सचा कुत्रा हरणामागे धावताना गरम झऱ्यात पडला आणि झऱ्यांचा शोध लागला, अशी दंतकथा इथे सगळे सांगतात. चार्ल्सने १३७० मध्ये गावाला शहराचे हक्क दिले, हा मात्र इतिहास. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या अकरा स्नाननगरांना मिळून जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे एक.

आधी तारखा ठरवा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा हा काळ धरा. दरीच्या दोन्ही बाजूंना बीचची जंगलं आहेत, ती या दिवसांत पिवळी-तांबूस होतात. जुलैतल्या चित्रपट महोत्सवाची गर्दी ओसरलेली असते. शिवाय थंडीत गरम पाण्याची वाफ दिसते. उन्हाळ्यात हेच झरे साध्या नळासारखे वाटतात, ऑक्टोबरच्या सकाळी मात्र अख्खी ओवरी धुरकटलेली असते.

ऑक्टोबरात दिवसा साधारण दहा ते चौदा अंश, रात्री चार-पाच. गाव दरीत असल्यामुळे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं, म्हणून आकड्यापेक्षा गारठा जास्त वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो. जंगलात फिरायचं असेल तर त्याआधीच्या तारखा घ्या. आणखी एक: २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. हॉटेलं, उपाहारगृहं आणि छोटी दुकानं चालू असतात, तरी बिस्किटं-फळं आदल्या दिवशी घेऊन ठेवलेली बरी.

मग सोबत

मित्र किंवा मैत्रीण जिवाभावाची असली तरी तिकिटं काढण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: सकाळी किती वाजता उठणार, चढ चढणार का, आणि स्नानोपचारांवर किती पैसे घालणार. झऱ्याचं पाणी अनशापोटी प्यायची इथली रीत आहे, आणि माझी मैत्रीण चहा पोटात गेल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. त्यावर आमचा तोडगा असा की सकाळी पाण्याला दोघी बरोबर, पण न बोलता. दुपारी ज्याचं त्याने मोकळं, एक जंगलात तर एक टबात. रात्रीचं जेवण पुन्हा एकत्र. दोघांनी दिवसभर एकमेकांना धरून राहायचं ठरवलं तर दुसऱ्या दिवशी कुरबुर ठरलेली.

व्हिसा

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. मित्र असलात तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, कागदपत्रं वेगळी, आणि प्रवासाचा आराखडा मात्र दोघांचा तंतोतंत जुळणारा हवा. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. जर्मनीत पाच आणि चेकियात तीन रात्री असतील तर अर्ज जर्मनीकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आल्यास घेत नाहीत. ऑक्टोबरसाठी जून-जुलैतच भेटीची वेळ मिळवा. प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा लागतो.

याच सुमाराला आपल्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा. या पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर आहेत. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांची तक्रार असेल किंवा गरोदरपण असेल तर पाणी आणि गरम स्नान दोन्हींबद्दल स्पष्ट उत्तर घ्या.

प्रागहून गावात

बस घ्या. फ्लोरेन्स या प्रागच्या बसस्थानकावरून सुमारे सव्वादोन तास लागतात. रेल्वे उत्तरेकडून मोठा वळसा घालून जाते, तीन तासांहून जास्त. खिडकीतून नदी बघत जायची हौस असेल तर वेगळं. बसचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, शुक्रवारी आणि रविवारी जागा भरतात.

कार्लोवी वारीत शिरताना अनेक बस आधी त्र्झ्नित्से या थांब्यावर थांबतात आणि मग शेवटच्या स्थानकावर जातात. झऱ्यांच्या भागात राहणार असाल तर त्र्झ्नित्सेला उतरणं सोयीचं. झऱ्यांच्या भागात खासगी गाड्यांना मोकळीक नाही, त्यामुळे बॅग ओढत चालावं लागू शकतं, तेही दगडी फरसबंदीवरून. लहान बॅग आणा.

चलन चेक कोरुना आहे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत रक्कम दाखवू का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा, नाहीतर वाईट दराने कापले जाता. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी खिशात नाणी ठेवा. ती का लागतील हे पुढे येतंच आहे.

खोली

उत्तरेला हॉटेल थर्मल आणि दक्षिणेला ग्रँडहॉटेल पुप्प, या दोन टोकांच्या मध्ये नदीकाठाने खोली मिळाली तर सगळे झरे पायाखाली येतात. थर्मल हा १९६०-७०च्या दशकातला प्रचंड काँक्रीटचा मनोरा आहे. जुन्या नक्षीदार इमारतींच्या रांगेत तो काहींना डोळ्यांत खुपतो, मला आवडतो. पुप्पचा इतिहास १७०१ पर्यंत मागे जातो आणि दरही त्याला साजेसे आहेत. नकाशावर नदीपासून दोनशे मीटर दिसणारं स्वस्त हॉटेल प्रत्यक्षात शंभर पायऱ्या वर असू शकतं. बुकिंगआधी चढ तपासा.

स्नान-हॉटेलांत दर बहुतेकदा माणशी असतात आणि त्यात न्याहारी व रात्रीचं जेवण धरलेलं असतं. शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणासकटचा दर घेण्याआधी काय मिळतं ते ईमेलने विचारा. डबल बेड म्हणजे बहुधा शेजारी लावलेल्या दोन गाद्या आणि दोन वेगळ्या रजया. मित्रांसाठी ते सोयीचंच आहे. खाटा पूर्ण वेगळ्या हव्या असतील तर तसं आधी लिहा. शहराचा माणशी-रात्री असा छोटा कर खोलीभाड्याव्यतिरिक्त घेतात.

पेला आणि पाणी

पोहोचल्याच्या संध्याकाळी पहिलं काम म्हणजे पेला विकत घेणं. चिनी मातीचा चपटा पेला, ज्याचा कान आतून पोकळ असतो आणि त्याच्याच टोकातून पाणी ओढायचं असतं. ओवऱ्यांजवळच्या टपऱ्यांवर ढिगाने मिळतो. नळीतून ओढलेलं पाणी थोडं निवतं आणि दातांना क्षार कमी लागतात, असं सांगतात. प्लॅस्टिकचा ग्लास आणू नका, पाणी खरोखरच कढत असतं. दोघांनी वेगवेगळ्या नक्षीचे पेले घ्या, नाहीतर कुणाचा उष्टा कोणता ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला बाहेर पडा. झरे फुकट आहेत, तिकीट नाही. उत्तरेकडून सुरुवात करून नदीच्या उलट दिशेने वर जायचं.

पहिली सादोव्हा ओवरी, ओतीव लोखंडाची, बागेला लागून. तिथला झरा सापाच्या तोंडातून पडतो. पाणी कोमटच, साधारण तीस अंशाचं, आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असल्यामुळे जिभेला किंचित चुरचुरतं. नवख्यांनी इथून सुरुवात करावी. पुढे स्वोबोदा झऱ्याचा लाकडी मंडप. त्यापुढे म्लिन्स्का, गावातली सर्वांत भव्य ओवरी. १८७१ ते १८८१ या दहा वर्षांत बांधलेली, वास्तुकार योसेफ झीतेक, प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह ज्याचं आहे तोच. १२४ खांब आणि आत पाच झरे. प्रत्येकापाशी तापमानाची पाटी असते, ती वाचून मगच पेला पुढे करा. पुढे त्र्झ्नी ओवरी, पांढऱ्या लाकडी जाळीकामाची, १८८३ची, लेससारखी नाजूक. आणि शेवटी काच आणि काँक्रीटच्या दालनात व्रझिद्लो हा कारंज्यासारखा झरा: सुमारे ७२ अंशांचं पाणी बारा मीटरपर्यंत उसळतं, मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर. दालनात शिरताच चष्म्यावर वाफ धरते. इथे थेट कारंज्याचं पाणी पीत नाहीत, शेजारी वेगवेगळ्या तापमानाचे नळ आहेत.

चव? खारट, कोमट, घशात मागून लोखंड. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच. सगळ्या झऱ्यांचं मूळ एकच, खनिजंही जवळपास तीच, फरक तापमानाचा आणि विरलेल्या वायूचा. थंड झऱ्यांचं पाणी पोट जास्त मोकळं करतं, हे लक्षात ठेवून प्या. उत्साहाच्या भरात दोघांनी पेल्यावर पेले रिचवले तर पुढचे दोन तास स्वच्छतागृहाच्या पाट्या वाचण्यात जातात, आणि खिशातली नाणी तेव्हा लागतात. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या उपचाराशिवाय आलेल्याने प्रत्येक झऱ्याचे दोन-तीन घोट चाखावेत, त्याहून जास्त नको.

पाणी गटागटा प्यायचं नसतं. घोट घ्यायचा, चालायचं, पुन्हा घोट. ही शिस्त अठराव्या शतकातल्या डॉ. डेव्हिड बेखरने रुजवली. त्याआधी रोगी खोलीत बसून अमाप पाणी पीत. झऱ्यापाशीच, ताजं, चालत प्यावं, असा त्याचा आग्रह होता, आणि या लांबलचक ओवऱ्यांना खरा अर्थ येतो तो त्यामुळेच: पाऊस असला तरी पेशंटला चालता यावं. नळाच्या तोंडाला पेला किंवा हात लावू नका, बाटल्या भरत रांग अडवू नका. सकाळी जे वयस्क लोक भिंतीकडेने संथ चालताना दिसतात ते तीन-तीन आठवड्यांच्या उपचाराला आलेले असतात. त्यांना आधी जाऊ द्या.

चालता चालता भिंतींवरच्या पाट्या बघा. जर्मन कवी ग्योथे इथे तेरा वेळा आला. कार्ल मार्क्स १८७४ पासून ओळीने तीन वर्षं यकृताच्या दुखण्यासाठी आला. संगीतकार शोपँची त्याच्या आईवडिलांशी शेवटची भेट १८३५ मध्ये इथेच झाली. सुभाषचंद्र बोसही १९३०च्या दशकात युरोपात असताना प्रकृतीसाठी येऊन राहिले होते.

टबात बसायचं तर

पिण्याचं पाणी फुकट, अंगावरच्या पाण्याला पैसे. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला कुंडात उतरून अंघोळ करतात तसं उघडं कुंड इथे शोधू नका, रस्त्यावरच्या झऱ्यांत हातपाय बुडवणं तर अजिबात नको. स्नान म्हणजे हॉटेलात किंवा स्नानगृहात वेळ घेऊन केलेला उपचार: खनिज पाण्याचा टब, बुडबुड्यांचं स्नान, गरम चिखलाचा लेप, कार्बन डायऑक्साइडचं स्नान. तुमच्या हॉटेलात सोय नसली तरी शेजारच्या हॉटेलात बाहेरच्यांना घेतात. आदल्या दिवशी वेळ ठरवा आणि पहिल्यांदा एखादा साधा टबच घ्या. वीसेक मिनिटांचा असतो आणि त्यानंतर चादर गुंडाळून पडून राहायला सांगतात. ते पडून राहणं टाळू नका, उठून थेट चढ चढायला गेलात तर गरगरतं.

नुसतं पोहायचं असेल तर थर्मलचा टेकडीवरचा उघडा तलाव बघा: गरम पाण्यात मान बाहेर काढून खाली पिवळं जंगल आणि गाव. याला मात्र पैसे घालाच.

संकोचाचा विषय आधीच मोकळा करू. तलावात पोहण्याचे कपडे सक्तीचे. सॉनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, मात्र चेक लोक बहुधा कपड्यांविना, अंगाभोवती चादर गुंडाळून बसतात, आणि स्त्री-पुरुष एकत्र. दोघांपैकी एकालाही हे रुचणार नसेल तर सॉना सोडून द्या, कुणी काही म्हणत नाही. उपचाराच्या खोलीत काय काढायचं, काय ठेवायचं हे कर्मचाऱ्याला सरळ विचारा. त्यांना रोज शंभरदा विचारतात.

जंगल

दुपारच्या उन्हाचे दोन-तीन तास जंगलासाठी राखा. पुप्पच्या मागून डायना टेकडीवर दोराने ओढली जाणारी रेल्वे जाते, १९१२ पासून. वर १९१४चा मनोरा आहे. शरद ऋतूत ही रेल्वे देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा फलक बघूनच जा. वर रेल्वेने आणि खाली पायी, हा क्रम गुडघ्यांना मानवत असेल तर तोच करा, कारण उतरताना वाट बीचच्या झाडांतून जाते. ओली पानं साबणासारखी घसरतात, खाचांचा तळ असलेले बूट हवेतच.

उतरताना येलेनी स्कोक हा कडा लागतो, नावाने हरणाची उडी. कड्यावर पुतळा मात्र डोंगरी शॅमॉय बकऱ्याचा आहे. हरणाच्या गोष्टीला बकरा कसा, याचा खल करत दोघांनी तिथे बसावं.

झाडांवर पांढऱ्या दोन पट्ट्यांमध्ये लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी पट्टी रंगवलेली असते. एक रंग धरला की वाट चुकत नाही. फोनवर नकाशा उतरवून ठेवा. टोपल्या घेऊन फिरणारी माणसं भेटतील, ती अळंबी गोळा करत असतात. चेक लोकांचा हा शरदातला लाडका उद्योग आहे. आपण बघायचं, हात लावायचा नाही. विषारी जातींची ओळख दोन दिवसांत होत नाही.

जेवण

ऑक्टोबरात कुलायदा मागा: अळंबी, बटाटे, साय आणि शेपूचं आंबटसर दाट सूप, वर एक अंडं. थंडीत चालून आल्यावर याच्यासारखं काही नाही. मांसाहारींसाठी स्विच्कोव्हा, म्हणजे सायीच्या रश्शातलं गोमांस आणि पावाचे उकडलेले गोळे. गोमांस खात नसाल तर विचारल्याशिवाय कुठलाही रस्सा मागवू नका. शाकाहारींचा भार तळलेलं चीज, लसूण घातलेलं बटाट्याचं धिरडं आणि फळं भरलेले गोळे यांवर पडतो. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाविना, एवढं सांगून थांबू नका. हॅमचे तुकडे आणि मांसाचं पाणी वेगळं विचारावं लागतं. तिसऱ्या दिवशी तळलेल्या चीजचा कंटाळा येतो. गावात आशियाई उपाहारगृहं आहेत, लाजू नका.

ओप्लात्की मात्र चुकवू नका: ताटलीएवढे पातळ गोल वेफर, मध्ये हेझलनट किंवा व्हॅनिलाचं सारण. डब्यातले नंतर घ्या, आधी टपरीवर गरम करून मागा. खारट पाण्याचा घोट, वर गोड वेफर, असं चालतं. गावाचा ‘तेरावा झरा’ म्हणजे बेखेरोव्का, १८०७ पासूनची वनस्पतींची कडवट-गोड दारू, ३८ टक्क्यांची. डॉ. बेखरचं नाव वर आलं, ही दारू मात्र दुसऱ्या बेखरची. टॉनिकबरोबर मिसळली की तिला ‘बेटोन’ म्हणतात.

पाऊस लागला तर

लागतोच. तेव्हा व्रझिद्लोखालच्या तळघराची फेरी करा. पाण्यातला क्षार नळ्यांवर कसा दगड होऊन बसतो ते तिथे दिसतं. कागदाची गुलाबं त्या पाण्याखाली ठेवून तपकिरी दगडी करतात, ती दुकानांत मिळतात. शेजारीच किलिआन इग्नाट्स डीन्ट्सेनहोफरने १७३०च्या दशकात बांधलेलं मारिया माग्दालेना चर्च आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मोझर कंपनीच्या काचकारखान्यात फुंकून काच घडवताना बघता येते. खरेदीचा विचार नसेल तरी जा, भट्टीजवळ ऊब असते. १८९५चं सम्राटाचं स्नानगृह दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, त्यात एक दुपार सहज जाते. संध्याकाळी १८३५ पासून चालू असलेल्या शहराच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे का ते हॉटेलात विचारा.

तिसरा दिवस हाताशी असेल तर लोकेतला जा. बसने अर्ध्या तासावर, ओह्रझे नदीच्या वळणात उभा असलेला किल्ला आणि त्याखालचं इवलंसं गाव. ग्योथेने आपला ७४वा वाढदिवस तिथे साजरा केला, १९ वर्षांच्या उल्रिकेच्या प्रेमात असताना. नदीकाठाने पायी येण्याची वाटही सुंदर आहे, पण ती पाच-सहा तास खाते, तेव्हा सकाळीच ठरवा.

परतताना

पेला कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा, बेखेरोव्काची बाटली मात्र विमानात आत टाकायच्या सामानात. निघण्याच्या सकाळी पाणी पिऊ नका. बसमध्ये सव्वादोन तास बसायचं आहे आणि स्वच्छतागृह असेलच याची खात्री नाही. येताना त्र्झ्नित्सेला उतरलात म्हणून जाताना तिथेच उभे राहू नका. प्रागच्या बस खालच्या रेल्वेस्थानकाजवळच्या मुख्य स्थानकावरून सुटतात, आणि सामानासह तिथवर चालायला पंधरा मिनिटं धरावी लागतात.